धडधडीची गोळी

आमच्या वहिनीला राग येत नाही, हा तिचा सगळ्यात मोठा दुर्गुण. हे मी तिच्या तोंडावर सांगते. ती हसते, आणि मग मला दुप्पट राग येतो. घरात रागावणारं एक तरी माणूस लागतंच, नाहीतर मैदेवाला जुना माल गळ्यात मारतो आणि गिऱ्हाईक चार पाव दाबून बघून पाचवा घेतं. आमच्या घरात ते खातं माझ्याकडे आहे.

मी तिची नणंद. बेकरी माझ्या थोरल्या भावाची, दादाची. त्याच्याआधी आमच्या वडिलांची. पुढे दुकान, मागे भट्टी, वर राहायच्या खोल्या. माझा संसार फार दिवस टिकला नाही. मी परत आले तेव्हा वहिनीनं एका शब्दानं काही विचारलं नाही. ट्रे हातात दिला आणि म्हणाली, "वन्सं, हे पुढे मांडा, दार उघडायची वेळ झाली." तेव्हापासून मी काउंटरवर आहे.

लग्न होऊन आली तेव्हा तिला सगळ्यात आधी पापुद्र्यांचं काम शिकायचं होतं. म्हणजे पफचं. पिठात लोण्याची लादी गुंडाळायची, लाटायची, घडी घालायची, गार करायची, परत लाटायची. लोणी घट्ट राहिलं तर भट्टीत एकेक पापुद्रा सुटा होतो. वितळलं तर सगळा चिकट गोळा. वडिलांनी तिचा तळहात हातात घेऊन पाहिला आणि म्हणाले, "सूनबाई, हात गरम आहे तुझा. तू पाव कर." माणसाचा हात गरम असणं हा काय गुन्हा आहे? मी वडिलांशी भांडले. वहिनी मात्र मुकाट पावाकडे वळली आणि पाव असे करायला लागली की शेजारच्या रस्त्यावरची माणसं आमच्याकडे यायला लागली.

चाळिशी उलटली आणि तिच्या छातीत धडधड सुरू झाली. "वन्सं, आत कुणीतरी धावत जिना उतरतंय असं वाटतं," म्हणायची. हृदयाच्या डॉक्टरीणबाईंनी तपासलं, भिण्यासारखं काही नाही म्हणाल्या आणि ठोके आवरणारी एक गोळी रोज सकाळी घ्यायला दिली. आमच्या घरात तिचं नाव पडलं धडधडीची गोळी. गोळीनं धडधड थांबली आणि वहिनीचे हात गार पडायला लागले. या गोळीनं काहींचे हात गार पडतात, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. दादाला काळजी लागली, तो तिला हातमोजे घेऊन आला. पण एकदा पफचा कारागीर आला नाही, वहिनीनं लाटणं हातात घेतलं आणि दुपारी भट्टीतून जे बाहेर निघालं ते बघायला वडील काठी टेकत खाली आले. त्यांनी एक पफ मोडला, पापुद्रे बोटानं वर उचलले आणि म्हणाले, "निवला बरं का हात." बस, एवढंच. त्यांच्याकडून एवढं मिळणं म्हणजे सत्कारच. पफ तिचे झाले ते तेव्हापासून.

आता एक गोष्ट सांगायची राहिली, ती म्हणजे वहिनीला गोळी गिळता येत नाही. पाण्याबरोबर घेतली की घशातून परत येते. म्हणून दादानं तोड काढली. पहिला घाणा भट्टीतून निघाला की उरल्या पिठाचा एक चिमुकला पाव तो बाजूला काढायचा, मधे बोटानं खळगा करायचा, त्यात लोणी, लोण्यात गोळी. वहिनी तो मधला घास न चावता चहाबरोबर उतरवायची. घोड्याला औषध असंच देतात, असं मी म्हटलं की ती म्हणायची, "घोड्याला लोणी कुठं मिळतं, वन्सं?" दादा लाजायचा. माझा भाऊ बोलका नाही. बायकोवर जीव आहे हे त्यानं उभ्या जन्मात तोंडानं सांगितलं नसेल. तो आपला पावात घालून द्यायचा.

मग ती गाठ आली. मैदा चाळताना बोटाला खडा लागावा तशी एक दिवस अंघोळीत तिच्या हाताला लागली. स्तनाचा कर्करोग. डावी बाजू काढून टाकली, मग सलाइनमधून औषधं, मग किरणांचा शेक. ती औषधं हृदयाला जड जातात, म्हणून धडधडीची गोळी मुद्दाम चालू ठेवली होती. केस गेले तेव्हा मी रडले, ती नाही. सुती टोपी चढवून खाली आली आणि म्हणाली, "बेकरीत सगळेच टोपी घालतात. कळतंय का काही?" त्या दिवसांत दादानं दोनदा मीठ घातलेले पाव केले, बिनमिठाचे पाव केले आणि आमची गिऱ्हाईकं, जी एरवी एका करपलेल्या कडेवरून माझ्याशी वाद घालतात, ती काही न बोलता पाव घेऊन गेली. त्या एका गोष्टीसाठी मी त्यांचं पुष्कळ माफ केलं आहे.

वहिनी बरी झाली. तपासण्या स्वच्छ आल्या, केस परत आले, ते कुरळे आले म्हणून ती खूश. लाटणं परत हातात आलं. लेक परगावी नोकरीला, ती सुट्टीत येऊन आईचे कुरळे केस विंचरून गेली. आता सगळं सुरळीत होणार म्हणून मी जरा कुठं हातपाय सैल सोडले.

तेवढ्यात पेपरकाका. हे आमचे रोजचे गिऱ्हाईक, निवृत्त माणूस. पाव गरम यायची वाट बघत उभे राहतात आणि सगळ्या दुकानाला पेपर वाचून दाखवतात. त्या दिवशी त्यांना वहिनीची आठवण होईल अशी बातमी सापडली. हृदयाच्या धडधडीवरच्या काही गोळ्या आधीपासून घेणाऱ्या बायकांमध्ये स्तनाचा कर्करोग पसरायचं, उलटायचं प्रमाण कमी दिसलं, असं काही संशोधकांचं म्हणणं आहे. एवढं वाचून होतंय तोवर पाव आले. काकांनी पेपराची घडी करून काखेत मारली, पाव घेतले आणि निघाले. उरलेली अर्धी बातमी त्यांच्या काखेतून घरी गेली. दादा ट्रे धरून मागच्या दारात उभा होता. त्यानं ऐकलं ते तेवढंच.

थोड्याच दिवसांत वहिनीला चक्कर यायला लागली. एकदा मैद्याच्या पोत्यावर मटकन बसली, एकदा भट्टीच्या तोंडाशी तोल गेला आणि दादानं तिला दंडाला धरून मागे ओढलं. नाडी फार मंद चालली होती. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आजारानं वजन उतरलंय, आता हा डोस जड होतोय, आणि धडधडही पूर्वीची राहिली नाही. गोळी हळूहळू कमी करून बंद करू.

"बंदच करायची?" दादानं विचारलं.

"बंदच. एकदम नाही, कमी करत करत."

वहिनीला आनंद झाला, एक कटकट गेली म्हणून. दादा काही बोलला नाही. तसा तो कधीच बोलत नाही, त्यामुळे कुणाच्या लक्षात आलं नाही. गोळी कमी करायचं काम नेहमीप्रमाणे त्याच्याकडेच राहिलं. गोळी गेली तरी तिचा चिमुकला पाव तो देतच राहिला. सवय आहे, म्हणाला. फक्त त्यात आता लोण्याऐवजी संत्र्याच्या सालीचा मुरंबा असायचा. वजन वाढायला हवं, गोड खा, म्हणाला. मला कौतुक वाटलं. एवढं सुचलं त्याला!

नाडी काही वर येईना. छातीला तारा लावून दिवसरात्र नोंद केली. डॉक्टरीणबाईंनी कागद उलटसुलट पाहिले. म्हणाल्या, "गोळी थांबून बरेच दिवस झाले, तरी ठोके एवढे मंद. याचा अर्थ हृदयाची स्वतःची ठोके देणारी व्यवस्थाच थकलीय. लहानसं मशीन बसवावं लागेल. उजव्या बाजूला, गळ्याच्या हाडाखाली. शस्त्रक्रिया छोटी असते."

दवाखान्याच्या बाहेर बाकावर वहिनी बसली. दादा रिक्षा बघायला गेला होता. इतक्या आजारात मी तिला कधी अशी बसलेली पाहिली नव्हती, दोन्ही हात मांडीवर, जसे काही कुणी दुसऱ्यानं आणून ठेवले. ती म्हणाली, "वन्सं, मला परत कापून घ्यायचं नाही हो. एक बाजू गेली, ते मी सोसलं. आता ही बाजू तरी मला माझी राहू दे असं वाटतं. पण घ्यावंच लागेल ना?"

मला रिक्षावाल्याचा राग आला, बाकाचा आला, ज्यानं हृदय बनवलं त्याचा आला. सगळा वाटेत कुणाकुणावर काढला. घरी आल्यावरही शिल्लक होता.

मशीन बसवायच्या आधी रक्ताच्या तपासण्या होत्या, उपाशीपोटी. वहिनीनं ते मला सांगितलं, दादाला सांगायचं राहिलं. सकाळी नेहमीसारखा तिचा पाव बशीत आला, दादा परत भट्टीकडे गेला. वहिनीनं बशी माझ्याकडे सरकवली. "तुम्ही खा, वन्सं. मला उपाशी जायचंय. उगाच वाया जाईल." आणि ती पफचं पीठ लाटायला वळली.

मी मोठा घास घेतला. आता तो मुरंबा माझा. साली मी सोलते, मी उकळते, तीन वेळा पाणी बदलते आणि शेवटी किती कडवटपणा राहू द्यायचा ते माझी जीभ ठरवते. हा कडवटपणा माझा नव्हता. हा तोंडातून कानापर्यंत गेला. जिभेवर पिठूळ काहीतरी आलं, म्हणून बोटावर घेऊन उजेडात पाहिलं. कुटलेलं पांढरं. पावाच्या पिठाचं नव्हे. दाताखाली असं येतं ते औषध, हे सांगायला डॉक्टर लागत नाही.

मी भट्टीत गेले. दादा पीठ मळायच्या मशीनपाशी होता. मी बशी त्याच्यासमोर धरली. मी ओरडले नाही, हे मुद्दाम सांगते, कारण कुणाचा विश्वास बसत नाही.

त्यानं बशीकडे पाहिलं आणि मशीन बंद केलं. "तू खाल्लास?" म्हणाला. "तुला काही होत नाही ना?"

"माझं सोड. हे कधीपासून?"

"बंद केलीच नाही मी." खाली मान घालून सांगायला लागला तर थांबेना. इतकं बोलताना मी त्याला लहानपणापासून पाहिलं नव्हतं. "पेपरात आलंय. या गोळीनं ते परत येत नाही. डॉक्टरीणबाई हृदयाच्या. त्यांना नाडी दिसते. गाठीचं कोण बघणार? इतकी वर्षं गोळी होती म्हणून ती वाचली असेल, तर आता मी ती काढून घेऊ? माझ्या हातानं?"

"अरे, त्या गोळीनंच नाडी बसलीय. उद्या तिच्या छातीत मशीन घालताहेत."

"मशीन बसलं की नाडीची चिंता नाही," तो म्हणाला. "मग गोळी चालू ठेवता येईल. दोन्ही बाजूंनी राखण होईल."

मी डोक्याला हात लावला. रोग रेड्याला आणि औषध पखालीला म्हणतात ते काय, हे मला तोवर कळलं नव्हतं. वेडा नव्हता तो. सगळा हिशेब त्यानं नीट मांडला होता, फक्त जिच्या जिवाचा हिशेब तिला त्यात घेतलं नव्हतं. मी म्हटलं, "जा, तिला सांग. आत्ता. तू नाही सांगितलंस तर मी सांगेन, आणि मी सांगितलं तर अख्ख्या रस्त्याला ऐकू जाईल."

त्यानं सांगितलं. वहिनीच्या समोर, टेबलाच्या पलीकडे उभं राहून, हाताला पीठ तसंच. तिची शेवटची घडी अर्धी झाली होती. तो बोलत असताना तिनं ती पुरी केली, कडा जुळवल्या, वर ओलं फडकं टाकलं आणि लादी फ्रिजमध्ये ठेवून आली. लोणी कुणासाठी थांबत नाही. मग हात पुसले.

"पहिल्यांदा कापलं तेव्हा डॉक्टरांनी मला विचारलं होतं," ती म्हणाली. "परक्या माणसानं शेजारी बसून विचारलं, बाई, तुमची तयारी आहे का? आणि तुम्ही मला न विचारता निघालात दुसऱ्यांदा कापायला."

इतकी वर्षं मी तिच्या रागाची वाट बघत होते. आला तेव्हा आवाजसुद्धा झाला नाही, आणि मला तो बघवेना.

दादा तिथंच रडायला लागला. "तू गेलीस तर मी काय करू? मला जमणार नाही गं तुझ्याशिवाय. मला काहीच येत नाही." पुरुषासारखा पुरुष, मैद्यानं पांढरा झालेला, नाक पुसतोय.

"मी आहे ना अजून," वहिनी म्हणाली. "आहे तोवर मला विचारत चला."

तिघंही दवाखान्यात गेलो. बेकरीला कुलूप लावलं. दादानं डॉक्टरीणबाईंना स्वतःच्या तोंडानं सगळं सांगितलं. त्या आधी इतक्या चिडल्या की मला त्यांच्याबद्दल आपुलकी वाटायला लागली. "न लागणारं मशीन मी बसवणार होते, कळतंय का तुम्हाला?" मग चष्मा काढून ठेवला आणि नीट समजावून सांगितलं. अशा बातम्या खोट्या नसतात, म्हणाल्या. आधीपासून गोळी घेणाऱ्या बायकांच्या नोंदी मागे वळून तपासल्या तेव्हा काही ठिकाणी तसं दिसलं, काही ठिकाणी काहीच दिसलं नाही. आणि दिसलं तिथंही ते गोळीमुळे, की त्या बायका नियमानं डॉक्टरकडे जात होत्या म्हणून, की आणखी कशामुळे, हे त्यावरून ठरत नाही. त्यासाठी वेगळ्या चाचण्या लागतात. म्हणजे पेपरकाकांच्या काखेत जे घरी गेलं, ते हे.

"म्हणजे गोळीनं हिला राखलं नाही?" दादानं विचारलं.

"तसंही मी म्हणत नाही. मला माहीत नाही. कुणालाच अजून नक्की माहीत नाही. यांची नाडी मंद आहे आणि ती या गोळीनं आहे, एवढं आज नक्की आहे."

दादाला हे उत्तर पचायला जड गेलं. मला पण. इतका शिकलेला माणूस माहीत नाही म्हणतो, तर आपण कुणाच्या तोंडाकडे बघायचं? वहिनी तेवढी शांत होती. परत येताना म्हणाली, "बाई खरं बोलल्या. मला बरं वाटलं."

मशीन लांबणीवर पडलं. गोळी डॉक्टरीणबाईंच्या देखरेखीखाली खरोखरच कमी झाली, मग थांबली. नाडी आठवड्या-आठवड्यानं वर सरकली आणि मशीनचं नाव निघेनासं झालं. चक्कर गेली. वहिनी आता जिना एका दमात चढते आणि वरून मला हाक मारते, मुद्दाम, मला दम लागतो म्हणून. तिचे हात मात्र परत गरम झाले. पफ लाटायच्या आधी ती बर्फाच्या पाण्यात बोटं बुडवून बसते. पापुद्रे सुटतात, पण पहिल्यासारखे नाहीत. एका गिऱ्हाइकानं तक्रार केली, तर मला बोलायची संधी न देता म्हणाली, "जाड बिस्किट म्हणून खा हो, चहात छान लागतं." त्यांनी खाल्लं आणि आता तेच मागतात. कपाळ माझं.

दादाला तिनं शिक्षा म्हणून एकच गोष्ट लावून दिली. भीती वाटली की बोलायचं. पावात नाही घालायची, तोंडानं सांगायची. सकाळी पीठ मळायला घ्यायच्या आधी ती त्याच्यासमोर उभी राहते आणि विचारते. सुरुवातीला तो "कसली भीती? काही नाही," म्हणायचा. ती हलायची नाही. पीठ पडून राहायचं, भट्टी वाया जायची, मी बाहेरून ओरडायची. हळूहळू त्याला यायला लागलं.

गाठीची वर्षाची तपासणी आहे आज. सकाळी मी ट्रे न्यायला मागे गेले तेव्हा दोघं मशीनपाशी उभी होती. तिनं विचारायच्या आधीच दादा म्हणाला, "आज फार वाटतेय."

"मला पण वाटतेय," वहिनी म्हणाली. "रोजच वाटते. घ्या, पीठ घ्या."

मी दारातच थांबले. मला कुणी विचारलं नव्हतं. इतक्या वर्षांत कुणी विचारलंच नाही, कारण मी दिसते ती चिडलेलीच. ट्रे खाली ठेवला, आत गेले आणि म्हटलं, "मला पण."

वहिनीनं माझ्याकडे पाहिलं. पिठाचा हात माझ्या पाठीवर ठेवला, चांगला गरम होता, आणि म्हणाली, "ठाऊक आहे मला, वन्सं. चला, दार उघडा, माणसं आली असतील."